शालूची घडी

७ जानेवारी

नवऱ्यानं टाकलेल्या आणि नवऱ्याला टाकून आलेल्या माझ्या बायांनो! तुमची-माझी तक्रार एकच आहे. लग्नघरी आपल्याला बोलावतात. पोळ्या लाटायला बोलावतात, दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला बोलावतात, पाहुण्यांच्या चपलांवर लक्ष ठेवायला बोलावतात. पण हळदीचं ताट फिरायला लागलं की कुणीतरी हळूच म्हणतं, "तू जरा आत बघ गं, दूध उतू जाईल." आणि आपण आत जातो. चुलीवर दूध नसतं, तरी जातो.

(वहीत लिहितानाही मला समोर सभा लागते. 'आज सकाळी उठले, चहा घेतला' असं मला लिहिताच येत नाही. इलाज नाही.)

दादा सकाळच्या एसटीनं वडवणीला आला. पिशवीत हुरड्याची कणसं. मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, गोवऱ्या पेटवल्या, लसणाची चटणी काढली. दादा कणसं चोळत होता आणि मी खात होते. गरम हुरडा तोंडात असला की मी भावाचं सगळं ऐकून घेते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

"वैशूचं ठरलं. अठरा फेब्रुवारी. पाव्हणे गेवराईकडचे हायेत."

वैशू म्हणजे वैष्णवी, दादाची लेक. मला इतका आनंद झाला की मी उभी राहिले. म्हटलं, "मग सतराला सकाळीच येते. शालूची घडी मोडायचीय."

आमच्या घराण्यात नवरीचा शालू आधी तिच्या आत्यानं नेसायचा असतो. हळदीच्या सकाळी तो नेसून मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचं, नारळ वाढवायचा, परत येऊन शालू नवरीच्या हाती द्यायचा. कोऱ्या साडीची घडी मोडणं हे एरवीही मायेचं काम. जिच्यावर आपला जीव आहे, तिला आपली नवी साडी पहिल्यांदा नेसायला द्यायची. पण नवरीच्या शालूची घडी हा आत्याचा हक्क. माझ्या शालूची माझ्या आत्यानं मोडली होती.

दादा कणसाकडेच बघत राहिला. "घडी मोडायला रोहिणी येनार हाय." रोहिणी म्हणजे आमची चुलत बहीण.

"कावून?" राग आला की माझी शाळेतली भाषा गळून पडते.

"आगं, लोकं..."

"लोकांची नावं सांग."

"बायनात्या म्हनली." बायनाबाई आमच्या भावकीतली म्हातारी, गावातल्या सगळ्या शुभकार्यांची न नेमलेली मुकादम. "म्हनली, टाकलेलीच्या अंगावरचा शालू पोरीला नगं."

"दादा, मला कुणी टाकलं नाही. युसूफ वडगावातल्या त्या सासरच्या घरातून मी माझ्या पायानं निघाले. मी टाकलं त्याला."

"म्या कुटं न्हाई म्हनतोय? पन गावाला दोनी सारखंच हाय की."

हुरडा तसाच राहिला. एवढं चांगलं दूधभरलं कणीस मी आजवर थंड होऊ दिलं नव्हतं.

लिहून ठेवते: घडी मीच मोडणार.

११ जानेवारी

उद्या बीडला एका महाविद्यालयात भाषण आहे. वैष्णवी शिवणाच्या मापासाठी वडवणीला आली होती, तिच्याबरोबर वहिनींनी साडी पाठवली. छबुवहिनी म्हणजे वैष्णवीची आई. साडी जांभळी इरकली, लाल टोपपदराची. शिवाय डबाभर धपाटे आणि निरोप: "स्टेजवर हे नेसा. आलं की परत द्या. धुऊ नका."

ही वहिनींची जुनी रीत आहे. वैष्णवी पोटात असताना मी माहेरी परत आले, तेव्हापासूनची. माझं कुठं भाषण असलं की एक साडी येते, कार्यक्रम झाला की परत जाते. देऊन टाकायची दानत नाही आणि न देण्याची हिंमत नाही. वर 'धुऊ नका'! म्हणजे साबणानं रंग जाईल ही धास्ती. मागे मी चिडून विचारलं होतं, "वहिनी, नव्या साड्या मला कशाला देता?" तर म्हणाल्या, "नव्या कुटल्या वन्सं, नेसलेल्या हायेत." नेसलेल्या असतील तर इतक्या जपून नेसलेल्या की घडीची रेघ सुरीसारखी कडक. निऱ्या बसवताना माझी बोटं दुखतात.

तरी नेसते. सभेत पहिली पाच मिनिटं बायका साडीच ऐकतात, हे मला अनुभवानं कळलंय.

वैष्णवीला विचारलं, "तुला काय वाटतं? घडी कुणी मोडावी?" ती मोबाइलमध्ये ब्लाउजचे गळे बघत होती. म्हणाली, "आत्या, मला नुसतं लग्न नीट पार पडायला पाहिजे." आजची पिढी! एवढी शिकवली, बीडच्या ग्रंथालयात नेली, आणि शेवटी गळे.

१५ जानेवारी, संक्रांत

गल्लीत हळदीकुंकू. माझ्या दाराच्या अलीकडचं घर झालं, पलीकडचं झालं. मधलं दार माझं. बायका घोळक्यानं गेल्या, त्यांच्या पैंजणांचा आवाज माझ्या उंबऱ्याशी जरा घाईत झाला इतकंच.

मग मीही वाट बघत बसले नाही. वहिनींनी संक्रांतीला म्हणून पाठवलेली काळी साडी नेसले, केसांत मोगरा नव्हता म्हणून शेवंती माळली आणि भर दुपारी बाजारातून चक्कर मारून आले. काम काहीच नव्हतं. अर्धा किलो गाजरं घेतली.

येताना मुबश्शिराच्या दुकानात बसले. ही माझी जुनी विद्यार्थिनी. स्टँडमागं तिचं ब्लाउज आणि पिको-फॉलचं दुकान आहे. तिच्यासाठी तिळाची पोळी नेली होती. ती मशीन थांबवून खाऊ लागली.

"बाई, काय जबरदस्त दिसायलात! कुनाचं लगीन लावून आलात?"

"कुणाचं नाही. माझ्याच गल्लीवरून वरात काढली."

"सही केलं." तिनं माझा पदर हातात घेतला, खालचा काठ उलटून पाहिला. "कुनाची हाय साडी?"

"वहिनींची. जुनी, नेसलेली."

"नेसलेली?" तिनं काठावरचे फॉलचे टाके ओळखीचे असल्यासारखे पुन्हा पाहिले आणि हसायला लागली. "हां. लई जुनी हाय मग. लईच." हसता हसता तिला ठसकाच लागला. पाणी दिलं. घशात तीळ गेला असावा.

निघताना म्हणाली, "बाई, तुमी इतकी पुस्तकं वाचता..." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

२८ जानेवारी

गावी गेले होते. लग्नाचा येसर, म्हणजे आमटीचा मसाला, करायचा होता. लग्नात येसराची आमटी नसेल तर आमच्याकडची माणसं अक्षता टाकून उपाशी गेल्यासारखी बोलतात. अंगणात मोठी कढई, ज्वारी-हरभऱ्याची डाळ भाजण्याचा खमंग धूर, एकीकडे मिरच्या. भावकीतल्या बायका जमलेल्या. मी पदर खोचून परातीशी बसले.

बायनाबाई म्हणाल्या, "सुकन्ये, तू वाईच लांब बस माय. देवाधर्माचं हाय."

मी तोंड उघडायच्या आत वहिनी कढईकडे बघतच म्हणाल्या, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या त्यांचा हात. येसर जरा तिखट तरी व्हईल." बायका हसल्या. मी तिथंच राहिले. पण हा विनोद मला लागला. माझ्या अपमानावर फोडणी द्यायची ही कुठली पद्धत?

मग मी बोलले. बसल्या जागेवरून उठून, उलथनं हातात घेऊन बोलले. म्हटलं, बायांनो, ज्या बाईनं मार खाल्ला ती अपशकुनी, आणि मारणारा दुसऱ्या लग्नात फेटा बांधून फिरला, हे कुठलं शास्त्र? कुठल्या देवानं सांगितलं? मारुतीनं? त्याला तर संसारच ठाऊक नाही! चांगली लय सापडली होती. दोघी-तिघी कान देऊन ऐकत होत्या. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "वन्सं, धने जळायलेत."

संपलं. धने खरोखर जळत होते, हे मान्य. पण क्रांत्या अशाच धन्यांपायी थांबल्या असतील.

दुपारी वहिनींनी पेटी उघडली, पाहुण्यांच्या मानाच्या साड्या काढायला. आतला कारभार मी पहिल्यांदा नीट पाहिला. एका बाजूला आहेराच्या साड्या, पिशवीसकट, कुणीतरी दिलेल्या आणि कुणाला तरी जायच्या. दुसऱ्या बाजूला वहिनींच्या स्वतःच्या. आणि गंमत बघा, त्यातली एकही मला अनोळखी नव्हती. ही माजलगावच्या भाषणाची, ही परळीच्या, ही शाळेच्या रौप्यमहोत्सवाची. वहिनी सणावाराला नेसतात त्या सगळ्या साड्या मी आधी कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर नेसलेल्या आहेत.

यावर एसटीत विचार केला. माझ्या अंगावर साडी उजळ दिसली, लोक वाहवा करून गेले, की मग बाईला ती आवडायला लागते. स्वतःची म्हणून निवडच नाही. बायकांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवलं पाहिजे. उमापूरच्या भाषणात हा मुद्दा घेते.

४ फेब्रुवारी

उमापूरला काल बायकांचा मेळावा झाला. मांडव भरला होता, मागं बाप्ये उभे होते. मी पाऊण तास बोलले आणि एकदाही पाण्याला हात लावला नाही. 'मला टाकलेली म्हणू नका, मी टाकलंय' या वाक्यावर टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर पिठलं-भाकरीचं जेवण होतं. हातावर भाकरी घेऊन उभी होते तेव्हा एक बाई जवळ आली. माझ्याच वयाची, विटका हिरवा ब्लाउज, गळा मोकळा.

"लई चांगलं बोललात. येक इचारू?"

"विचारा की."

"तुमच्या भावाच्या घरी लगीन निघालं तर घडी कोन मोडतं? तुमी?"

मी म्हटलं, "मीच मोडणार."

"मोडनार? का मोडली?"

ती बाई थांबली नाही, उत्तरासाठीही नाही. टाळ्या वाजवणारे हात मला आठवत नाहीत. तिचा तो एक प्रश्न येताना गाडीत माझ्या शेजारी बसून होता.

भीती वाटते का? वाटते. इथं खोटं कशाला लिहू? गावासमोर शालूला हात घातला आणि कुणी हिसकावून घेतला तर? उद्या पाहुणे बिथरले तर? मी मागं हटले तर पुन्हा कुठल्या तोंडानं माइकसमोर उभी राहू?

१० फेब्रुवारी

दादाचा फोन.

"तू ये. पुढं बस. हळदीच्या दिवशी दोन शब्द बोल बी, पाव्हण्यांना आयकू दे आपल्या घरात कोन हाय. फकस्त घडीचं तेवढं..."

"म्हणजे माझी जीभ शुभ आणि अंग अशुभ?"

"तुज्यासंगं बोलून कोन जिकलंय," म्हणाला आणि ठेवला.

मी ठरवलंय. सतराला सकाळी, बायका जमल्या की मी अंगणाच्या मधोमध उभी राहणार आणि बोलणार. पत्रिकेच्या पाठीवर मुद्दे काढून ठेवले. शेवट तर इतका कडक जमलाय की बायनाबाईंची कवळी निसटेल.

संध्याकाळी वैष्णवीचा फोन. आवाज रडून बसलेला.

"आत्या, माझ्या लग्नात भाषण करू नको."

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी नको. माझ्यासाठी करायचं तर एकदा गप बस. आईनं सांगितलंय, सगळं नीट होईल म्हणून."

आईनं! धने जळायलेत म्हणणाऱ्या आईनं!

वचन दिलं नाही. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ भाजी चिरत बसले, एकटीला लागते त्याच्या तिप्पट.

१७ फेब्रुवारी

थकलेय, तरी लिहून काढते.

सकाळी पोचले तेव्हा अंगण शेणानं सारवलेलं, बायकांनी भरलेलं. मी माझी स्वतःची लाल सुती साडी नेसून गेले होते. भडक लाल, मुद्दाम. ताटात शालू ठेवलेला, वर हळदकुंकू. रोहिणी शेजारी उभी. बायनाबाई खुर्चीवर. वैष्णवी दारात, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या मुद्द्यांची पत्रिका पर्समध्ये जड झाली.

तरी मी पुढं झाले. घसा खाकरला. "बायांनो..."

"वन्सं, थांबा वाईच," वहिनी म्हणाल्या. मला वाटलं, आता पुन्हा काय जळतंय?

वहिनींनी ताटातला शालू उचलला आणि सरळ माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. "आत जाऊन नेसून या. ऊन व्हायलंय."

बायनाबाई उठल्याच. "छबे! येडी झाली का काय? लेकीचा शालू हाय त्यो!"

"हाय की. म्हनून तर दिला."

"आगं, ह्या बाईनं घडी मोडल्यावर लेकीचं चांगलं व्हईल का?"

वहिनींनी कमरेवर हात ठेवला. वहिनींना कमरेवर हात ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "आत्याबाई, माज्या अंगावर ही जांभळी साडी हाय, ही बघा नीट. हिची घडी वन्संनी मोडलीय. संक्रांतीच्या काळीची त्यांनीच. वैशूच्या बारशाला नेसलेलं हिरवं पातळ, ते बी त्यांनीच आधी नेसलं. माजी येक साडी न्हाई जिची घडी दुसऱ्या कुनी मोडली. माजं काय वाकडं झालं? लेक शिकली, नवरा धडधाकट हाय, म्हस बी दूध देती. तुमच्या सुनंची घडी तर पाच पाच सवाशिनी मोडत्यात, आन् ती तुमच्यासंगं बोलत बी न्हाई."

अंगणात असा हशा पिकला की बायनाबाई खाली बसल्या.

दादा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. म्हणाला, "आगं, ह्ये मला कसं म्हाइत न्हाई?"

"तुमाला माज्या अंगावरली साडी कदी दिसलीय का?"

रोहिणी म्हणाली, "माझी तर सुटका झाली बाई. शालूची जर टोचते मला." आणि तिनं नारळ माझ्या पिशवीत टाकला.

मी, सुकन्याबाई, जिला पाऊण तास पाणी लागत नाही, त्या मला एक शब्द आला नाही. आत गेले. वहिनी मागोमाग आल्या, निऱ्या धरायला खाली बसल्या. मी वरून त्यांच्या भांगाकडे बघत होते.

"वहिनी, इतकी वर्षं? मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर तुमी त्याचं भाषन केलं आसतं," वहिनी निरीला चिमटा घेत म्हणाल्या. "मंग तुमच्या आईनं, सासूबाईंनी, पुना देऊ दिली नसती. सरळ उभ्या ऱ्हावा, हलू नका."

"आणि न धुता परत का मागायचात?"

"धुतल्यावर तुमचं काय ऱ्हातंय त्यात?"

मारुतीपर्यंत चालत गेले. वाटेवर सगळी दारं उघडी होती. कुणी नमस्कार केला, कुणी तोंड वळवलं, एका पोरीनं मोबाइलवर काढलं. शालू खरंच टोचतो. नारळ एका घावात फुटला. परत येऊन शालू वैष्णवीच्या हाती दिला. तिनं तो छातीशी धरला आणि तशीच माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "गप बसलीस. थँक्यू." गप बसायला माझ्याकडे शब्दच नव्हते हे तिला सांगितलं नाही.

दुपारी पंगतीत बायनाबाई माझ्यासमोरच होत्या. येसराची आमटी ओरपून म्हणाल्या, "तिखट झालीया." मग वाटी पुढं केली. "वाढ आनखी."

१९ फेब्रुवारी

लग्न पार पडलं. वैष्णवी शालूत लखलखत गेली. पाहुण्यांपैकी कुणीही विचारलं नाही की घडी कुणी मोडली. ज्या लोकांच्या नावानं दादा मला दारातच अडवत होता, ते लोक जिलबी खाण्यात गुंतले होते.

पर्समधली पत्रिका काढली. पाठीवरचे मुद्दे वाचले. चांगले आहेत. कुठंतरी वापरीन. पण त्यात वहिनींचं एकही वाक्य नव्हतं, म्हणून मला ते आज पोकळ लागले.

तर टाकलेल्या आणि टाकून आलेल्या माझ्या बायांनो, पुन्हा तुमच्याशीच बोलते. माझ्या वहिनीनं मला माझा मान दिला, पण तो पेटीत लपवून, 'नेसलेली हाय' असं खोटं बोलून द्यावा लागला. एका भल्या बाईला आपल्या मायेची चोरी करायला लावणारं हे गाव आहे. ती चोरी आता बंद झाली पाहिजे. आणि ती वहिन्यांनी बंद करायची नाही, त्यांनी पुष्कळ केलंय. आपण करायची. उमापूरच्या त्या मोकळ्या गळ्याच्या बाई, तुमचं नाव मी विचारलं नाही, पण तुम्हालाही सांगते: मोडनार नव्हे, मोडली.

तेव्हा दूध बघायला आत जाऊ नका. येत्या पाडव्याला, गुढी उभारायच्या आधी, भावजयीच्या नाहीतर शेजारणीच्या दारात जा. गल्ली जागी असू द्या. हात पुढं करा आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणा: "आण तुझी कोरी साडी. घडी मी मोडते."